भात पसवायची जागा

मेघाचं डोकं रोज सकाळी भातापाशीच फिरायचं. आसगावात घरोघरी भात पसवतात तसाच तिची सासू उषाबाईही पसवायची. शिजलेल्या भाताचं पातेलं झाकण लावून जमिनीवरच तिरपं करायचं, खाली घमेलं, आणि उकळती पेज त्यात निथळत राहायची. गार झाली की गाईला. आणि दीड वर्षाचा गोलू त्याच जमिनीवर भिंगरीसारखा पळायचा!

"आई, ते वर ठेवा ना. पोरगं पडलं तं सोलून निघंल."

"माहे तीन पोरं याच घरात वाढले. कोनाले काही झालं नाही," उषाबाई म्हणायची.

सासरे ताराचंद पेपरातून मान वर न काढता सांगायचे, "तू पोरावर लक्ष ठेव ना." नवऱ्याकडे, राजकुमारकडे, ती चुलीजवळ छोटासा ओटा बांधून मागत होती. त्याचं एकच, "रोवणा होऊ दे, मंग पाहू." लक्ष ठेव म्हणे! चूल, भांडी, धुणं, गाय, सगळं करून वर आणखी लक्ष. माणसाला काय पाठीलाही डोळे असतात? मेघा नुसती धुमसायची.

रोवणा सुरू झाला. शेतात, बांधीत धान लावणाऱ्या बायांसाठी डबा न्यायचा म्हणून मोठ्या पातेल्यात भात शिजला. राजकुमार सासऱ्यांसोबत तिकडेच होता; त्याचे फोनवर फोन, "डबा कुठं अटकला?" ओटा नव्हताच. घाईत मेघाने स्वतःच पातेलं जमिनीवर तिरपं केलं आणि भाजीकडे वळली. पुन्हा फोन. तिने तो उचलला आणि मागून उषाबाईची किंकाळी आली.

गोलू घमेल्यात पडता पडता उषाबाईने त्याला दंडाला धरून ओढलं होतं. घमेलं कलंडलं, वाफाळती पेज दारापर्यंत गेली. दंडाला हिसका बसला म्हणून पोरगं भोकाड पसरून रडत होतं. उषाबाई त्याचे तळपाय, तळहात, पाठ चाचपत होती. कुठंच काही नव्हतं. मेघा भिंतीला टेकून बसली. ज्यासाठी रोज कटकट केली, तेच आज आपल्या हातून होणार होतं.

फोन अजून चालूच होता. "काय झालं? अवं, बोल ना!" मेघाने कसंबसं सांगितलं. तिकडून राजकुमार ओरडला, "अन् तुहं लक्ष कुठं होतं?"

 उषाबाईने मेघाच्या हातातून फोन हिसकावला.

"तिचं लक्ष तुह्या डब्यात होतं, बावळटा! आधी विटा घेऊन ये. ओटा बांधल्याबिगर या घरात चूल पेटनार नाही. अन् तुह्या बापाले बी सांग."