पाहुण्यांचा माठ

पाणी तपासणाऱ्या साहेबाला डाइंगवाल्याने खिशात घातलंय, याबद्दल जानकीबाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नाहीतर त्याच्या कापड रंगवायच्या कारखान्याच्या भिंतीला खेटलेल्या विहिरीचं पाणी ‘पिण्यास योग्य’ ठरलंच कसं? त्याच पाण्याने आंघोळ करून नातीच्या अंगावर फोड उठले होते. आणि अहवाल आला तसा टँकरही बंद झाला. जानकीबाईंनी शेलार गावभर साहेबाचा उद्धार केला.

त्यात ही क्षितिजा उगवली. मुंबईच्या विद्यापीठातली. विषय काय, तर म्हणे विज्ञान समाजात कसं चालतं! विहिरीकडे ढुंकूनही न बघता पोरगी विचारत होती, तपासणीची बाटली कोणी भरली? साहेब तेव्हा कुठे बसले होते?

“खरं सांग, कोनी पाठवला तुला? डाइंगवाल्यानी?”

“कोणी नाही, मावशी. प्रयोगशाळेत पोचायच्या आधी बाटलीचं काय होतं, तेच मी बघते.”

“याला पन शाळा हाय?” जानकीबाईंचा संशय दुप्पट झाला. तरी दारी आलेल्याला कोरडं कसं बसवायचं? त्यांनी कोपऱ्यातल्या छोट्या माठातून तांब्या भरला. घरचे नुसतं गाळून पीत. हा माठ पाहुण्यांचा. त्यात रात्री तुरटी फिरवायची, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळायचं.

क्षितिजा माठाकडे बघत राहिली. “साहेबांनाही यातलंच दिलंत?”

“मंग? ऊन मरनाचा होता. साहेब ओट्यावर बसला, बाटली आत धाडली, भरून द्या बोलला. सरकारी मानूस दारात आला, त्याच्या हातात काय घान पानी देऊ?”

बोलता बोलता त्यांची नजर माठावर गेली. म्हणजे तपासायला गेलं ते तुरटीने निवळलेलं पाणी! तोंड भरून शिव्या घातल्या त्या साहेबाला, आणि करून बसल्या स्वतः! लाजेने त्यांना मान वर करवेना. गावाला कळलं तर बायका पाणवठ्यावर उभं करणार नाहीत.

“तू हे लिवशील?”

“तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार. पण मग तपासणी पुन्हा कशासाठी करायची, ते कोणाला पटवता येणार नाही.”

आतल्या खोलीत नात अंग खाजवत रडायला लागली. जानकीबाईंनी पदराने तोंड पुसलं.

“लिव. आन माझं नाव टाक. न्हायतर कोन इश्वास ठेवल?”