अर्ध्या इंचाची लबाडी

माझा उजवा खांदा अर्धा इंच खाली उतरला होता, आणि हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चाळीस वर्षं मी कोट कापतोय. माणूस दुकानाच्या दारातून आत येईपर्यंत त्याचा कुठला खांदा पडलाय हे मला कळलेलं असतं. गिऱ्हाइकाला मी ते बोलून दाखवत नाही. पडलेल्या बाजूला आतून एक जास्तीचं पॅड लावतो, आणि गिऱ्हाईक आरशात बघून खूश होऊन जातं.

माझं स्वतःचं दुखणं मात्र पॅडवर भागणारं नव्हतं. मानेत नस दबली होती. मानेतून निघालेली कळ खांद्यावरून थेट अंगठ्यापर्यंत जायची, बोटांना मुंग्या यायच्या, आणि एक दिवस मोठी कात्री हातातून निसटून माझ्या पायाशेजारी पडली. समोरच्या मशीनवर धाकटी बहीण बसली होती. दुकान आम्हा दोघांचं. कापणं माझं, शिवणं तिचं. ती उठली, कात्री उचलून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

"दादा, हात बरा होईपर्यंत ही बाहेर येणार नाही."

"अगं, मग कापणार कोण?"

"बाहेरून कापून आणू."

बाहेरून! माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने कापलेले कोट माझ्या दुकानात येऊ लागले. बगला ओढलेल्या, कॉलर एकीकडे झुकलेली. मी स्टुलावर बसून बटणांचे डबे लावायचो आणि दिवसभर चिडचिड करायचो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. आयुष्यात मला एवढंच येत होतं, आणि आता तेही येईना.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नको, आधी व्यायाम करून बघू. त्यांनी मला फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण आवाज थेट हेडमास्तरीणबाईंचा. हनुवटी मागे ओढा. खांद्याची पाती जवळ आणा. हात बाजूला पसरून मनगट हळूहळू वळवा, झटका नको. प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून तीनदा.

"दहा म्हणजे दहाच, मास्तर. उत्साहात तीस केलेत तर दुसऱ्या दिवशी दुखेल आणि शिव्या मला घालाल."

मी पहिल्याच आठवड्यात तीस केले. दुसऱ्या दिवशी दुखलं. शिव्याही घातल्या, मनातल्या मनात. मग मात्र मुकाट्याने दहावर आलो. हनुवटी मागे ओढली की आरशात मला दोन हनुवट्या दिसायच्या आणि मागून बहीण खुदुखुदु हसायची. चिडलो तरी नेम सोडला नाही. होता होता तीन महिने झाले. कळ कमी झाली, पण रोज सकाळी आरशासमोर टेप धरून बघायचो, तर खांदा होता तिथेच. म्हणजे मी काही बरा झालो नाही, असं मी धरून चाललो.

आणि बाई तर म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळी नीट तपासते. मग कात्रीचं ठरवू."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पडलेला खांदा बघून ही बाई कसली कात्री देतेय! शेवटी चाळीस वर्षं लोकांसाठी केलं तेच स्वतःसाठी केलं. आदल्या दिवशी बहीण सामान आणायला बाहेर गेली तेव्हा माझ्या सदऱ्यात उजव्या खांद्याला आतून एक पातळ पॅड शिवून टाकलं. आरशात बघितलं. दोन्ही खांदे एका रेषेत. तपासताना बाई खांद्यावर हात ठेवतील, हे माझ्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बहीणही बरोबर आली. बाईंनी मला स्टुलावर बसवलं आणि मान वळवायला सांगताना खांद्यावर हात ठेवला. हात तिथेच थांबला.

"मास्तर, इथे सूज आलीये?"

"नाही."

त्यांनी दाबलं. "दुखतंय?"

"अजिबात नाही."

"सूज आहे आणि दुखत नाही?" बाई गंभीर झाल्या. तेवढ्यात बहिणीने पुढे होऊन दोन बोटांनी चाचपलं. कपड्यातलं तिच्यापासून काय लपणार?

"दादा! हे पॅड आहे!"

माझं पितळ उघडं पडलं. मी सदरा काढून दिला आणि जमिनीकडे बघत बसलो. बाईंना हसू आवरेना.

"मी तुमचे खांदे कधी मोजले होते का हो?"

खरंच, कधीच नाही. मान किती वळते ते त्या बघायच्या, मूठ किती आवळता येते ते बघायच्या. खांदे माझे मीच मोजत होतो.

"खांदे कुणाचेच तंतोतंत सारखे नसतात. माझे तरी कुठे आहेत?"

"तुमचा डावा पाव इंच खाली आहे," मी बोलून गेलो.

"दादा!" बहीण ओरडली.

बाई मात्र सदरा उलटा करून टाके बघत होत्या. "हे शिवलं कुणी?"

"मीच."

"किती वेळ लागला?"

"अर्धा तास लागला असेल."

"कुठल्या हाताने?"

मी उजव्या हाताकडे बघितलं. तीन महिन्यांपूर्वी या हातात सुई राहत नव्हती. काल मी अर्धा तास सलग बारीक टाका घातला होता आणि पकडले जाण्याच्या भीतीत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. बहिणीने सदरा डोळ्यांजवळ नेला.

"एकसारखे आहेत," ती हळूच म्हणाली. तिने आजवर कुणाच्या टाक्यांचं कौतुक केलेलं मी ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग तिने पिशवीतून मोठी कात्री आणि खडूने आखलेलं अस्तराचं कापड काढलं. बाईंनी तिला आधीच फोन करून ते आणायला सांगितलं होतं म्हणे. बाईंनी मला उभं केलं आणि पायाने खाटेची कळ दाबली तशी तपासायची खाट वर आली, थेट माझ्या कोपरापर्यंत.

"दुकानातलं टेबल किती उंच आहे?"

मी मांडीवर हात ठेवून दाखवलं.

"मग मान दुखणार नाही तर काय? आधी ते उंच करा. आणि आज फक्त पाच मिनिटं."

मी कात्री उचलली. जड लागली, पण हातात राहिली. कापडावर तो करकर आवाज झाला आणि बहिणीने तोंडाला पदर लावला. चौथ्या मिनिटाला अंगठ्यात मुंग्या आल्या. मी थबकलो.

"दुखणं दहापैकी किती?" बाईंनी विचारलं.

"दोन."

"दोनला घाबरायचं नाही. दुखणं अधूनमधून डोकावेल. त्याच्याशी भांडू नका, हळू चला."

बाईंनी फोनवर लावलेला गजर वाजला. पाच मिनिटं झाली होती आणि रेघ अजून वीतभर बाकी होती. आयुष्यात मी रेघ कधी अर्धवट सोडली नव्हती. हात पुढे सरकत होता. तो मीच मागे घेतला आणि कात्री खाली ठेवली.

"आणि उरलेलं?" बहिणीने विचारलं.

"उरलेलं मी उद्या कापतो," मी म्हणालो.