औषध घेतलेले उंदीर

तुळजाक्का घराखालच्या परड्यात कंद उकरत होती. मला बघून तिनं खुरपं टाकलं आणि पहिलं काय विचारलं, तर औषध आणलंस का. जेवलास का, बस मिळाली का, काही नाही. मी नाही म्हणून मान हलवली. एवढ्या बोलण्यानंही तिला धाप लागली, आणि ती धाप माझ्या नको तितकी ओळखीची होती.

बेळगावच्या एका प्रयोगशाळेत मी पांढरे उंदीर सांभाळतो. चौदा वर्षं झाली. साहेब लोक त्यांच्या शेपटीच्या शिरेत कॅन्सरच्या पेशी सोडतात. त्या रक्तातून फुफ्फुसात जाऊन बसतात. तीन आठवड्यांत उंदीर पाठ वाकवून पोटानं श्वास घ्यायला लागतो.

दोन वर्षांपूर्वी अक्काच्या छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. यंदा खोकला लागला. फुफ्फुसात पसरलंय, लगेच उपचार सुरू करू, असं डॉक्टर म्हणाले. ती गेलीच नाही. का, तर माझं मेलं तोंड! गणेशचवथीला गावी आलो तेव्हा पडवीत बसून मी फुशारकी मारली होती. नवं औषध निघालंय, बारा उंदरांना दिलं, नऊ जणांची फुफ्फुसं स्वच्छ. तिच्या नवऱ्यानं, लाडूदाजींनी, पुन्हा सांगायला लावलं. मीही पुन्हा सांगितलं. पिंजरे धुणाऱ्याला डॉक्टरचा मान मिळाला तर कोणाला नको असतो? काल दाजींचा फोन आला, ते औषध कधी आणतोस, अक्का दोन महिने त्याचीच वाट बघतेय. मी सकाळची पहिली बस पकडली.

तिला बांधावर बसवून मी समजावलं, की ते माणसांसाठी नाही, अजून कैक वर्षं लागतील. तिला पटेना.

"पर उंदरं बरी झाली न्हवं? तूच म्हणालास."

"व्हय."

"मग ती आता कुठं हाईत?"

चौदा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. खोटं बोलावंसं फार वाटलं.

"न्हाईत, अक्का. फुप्पुस साफ हाय का न्हाई, ते फाडून बघितल्याबिगार कळत न्हाई. एकविसाव्या दिवशी समदी मारत्यात. औषध घेतल्यालीबी."

"तू धरतोस त्यास्नी?"

"मीच धरतो."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं नुसती हाताची माती पदराला पुसली.

"उद्या मला दवाखान्यात ने," म्हणाली. "आन् ह्यास्नी उंदरांचं सांगू नगंस. त्यांचा अजून इश्वास हाय."

टोपली माझ्याकडे न देता ती कमरेवर घेऊन घराच्या चढाला लागली. एवढ्याशा चढावर तीनदा थांबली. दर वेळी निऱ्या सारख्या करायचं निमित्त करत होती, आणि दर वेळी मी पाठ फिरवून नदीकडे बघत उभा राहिलो.