चार मिनिटांचं पाणी

"‘भुताच्या पाठीवर चेन दिसते. अर्धा तारा, तोही दिग्दर्शकाच्या आईकडे बघून,’" राइंडरने मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"दिसतेच की," मी म्हटलं. "तो झगा मीच शिवला होता. पोरांना घाई, मग काय करणार?"

"पुढचं ऐक. ‘आजीने कवळी काढली की मला यापेक्षा जास्त भीती वाटते.’"

माझा नवरा शहात्तर वर्षांचा आहे. तीस वर्षं गावच्या पंपघरावर होता. आमची जमीन समुद्राच्या पातळीखाली, त्यामुळे पंप थांबला की गाव पाण्यात. नातीने ती सिनेमाची वेबसाइट दाखवल्यापासून हा रोज सकाळी कॉफीबरोबर लोकांची मतं वाचतो. इतर म्हातारे मृत्यूच्या बातम्या वाचतात, त्यापेक्षा बरं.

सिनेमाचं नाव ‘उणे दोन’. गावातल्या फोको नावाच्या शेतकऱ्याचं कुरण समुद्रापेक्षा दोन मीटर खाली आहे, त्यावरून. त्र्याऐंशी साली ग्रोनिंगन शहरातली कॉलेजची पोरं एक खटारा व्हॅन घेऊन आली, तीन आठवडे आमच्या गोठ्यात झोपली, माझं वाटाण्याचं सूप ओरपलं आणि सिनेमा काढून गेली. चर खणताना बुडालेले मजूर भुतं होऊन परत येतात, अशी गोष्ट. भुतांच्या तोंडाला माझ्याच डब्यातलं पीठ. तो सिनेमा तेव्हा आठवडाभरही चालला नाही, आणि आता चाळीस वर्षांनी जगभरातले लोक बघून त्यावर निकाल देतायत. आमचे लोक तर कौतुकाच्या बाबतीत भलतेच कंजूष. शाळेत दहापैकी आठ मिळाले तर घरी विचारायचे, कुणाचं बघून लिहिलंस?

पण एक गोष्ट माझ्याही लक्षात आली होती. दहा ओळी टर उडवून झाली की प्रत्येक जण एका जागी थांबायचा. ‘आणि मग ते पाणी.’ तिथून त्याची भाषाच बदलायची. एकाने लिहिलं होतं, ‘पाणी वर येतंय असं वाटतच नाही, जमीनच मुकाट्याने खाली चाललीय.’ गेंटच्या एका नर्सने लिहिलं, ‘मी इस्त्री करत होते. इस्त्री बंद केली.’ एक जपानी गृहस्थ म्हणत होते, ‘मध्ये ती पांढरी घोडी उभी आहे. घाबरलेली नाही. आपण बघतोय तसंच तीही बघतेय. मी माझ्या खोलीत उठून उभा राहिलो.’ ही मतं राइंडर मोठ्याने वाचत नसे. नुसते ओठ हलत.

त्या सकाळी मात्र त्याने लॅपटॉपचं झाकण खटकन मिटलं.

"काय झालं?"

"कुणीतरी लिहिलंय, दिग्दर्शकानेच म्हणे मुलाखतीत सांगितलं. पंपवाल्याला झोप लागली, नशिबाने पाणी चढलं, आम्ही कॅमेरा लावला." त्याने कॉफीचा कप दूर सारला. "झोपेत पाणी असं येतं होय गं?"

दिग्दर्शक बिचारा यालाच वाचवायला तसं बोलला होता. खरं काय ते गावात आम्हाला दोघांनाच ठाऊक. शूटिंगच्या आदल्या दुपारी राइंडरने त्या पोरांसाठी मुद्दाम पंप बंद केला, कालव्याची झडप दोन फेरे उघडली, आणि पहाटेपर्यंत कुरणाच्या चारही चरांभोवती फिरत राहिला. एकीकडे माती टाक, दुसरीकडे फळी काढ. चारही चर एकाच क्षणी काठोकाठ भरावेत, म्हणजे उजाडताना पाणी गवतावर चहूबाजूंनी एकदम येईल आणि साधा तरंगही उठणार नाही. असं आमच्या भागात कुणी कधी केलं नव्हतं. पाणी बाहेर काढण्यात आमच्या पिढ्या गेल्या, ते सुंदर दिसेल असं आत कोण आणणार?

पाणी मंडळाचा साहेब चौकशीला आला तेव्हा राइंडर म्हणाला, झोप लागली. मीही सांगितलं, घोरत होता. झोपेसाठी ताकीद मिळाली, मुद्दाम केलं असं कळलं असतं तर नोकरी आणि पंपघराजवळचं घर दोन्ही गेलं असतं. तेव्हापासून गावात हा ‘झोपाळू राइंडर’. वाढदिवसाला लोक गजराची घड्याळं द्यायचे आणि हा हसून घ्यायचा.

फोको डाइकेमा मात्र कधी हसला नाही. कुरण त्याचं, आणि त्या रात्री ते रिकामं असायला हवं होतं. पण संध्याकाळी दुसऱ्या शेताचं कुंपण मोडलं म्हणून त्याने आपली घोडी त्रूस तिथे आणून सोडली. आम्हाला पत्ता नाही. सिनेमात ती चार मिनिटं हलत नाही. पाचव्या मिनिटाला हलली, ते सिनेमात नाही. गवतावर पाणी चढलं की कुरण कुठे संपतं आणि चर कुठे सुरू होतो, ते कळत नाही. तिचा पाय चरात गेला आणि मोडला. बंदूक फोकोला स्वतःच आणावी लागली. त्यानंतर राइंडरशी त्याचं बोलणं नमस्कारापुरतं. "माणूस आहे, झोप लागते," एवढंच तो म्हणायचा. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता गावच्या सभागृहात रविवारी दुपारी दोनला ‘उणे दोन’ दाखवायचं ठरलं होतं, आणि अठ्ठ्याऐंशीचा फोको म्हणाला, मीही येणार. त्याने तो सिनेमा कधी पाहिला नव्हता. त्यात त्रूस आहे हेही त्याला माहीत नव्हतं.

"आधी जाऊन सांग त्याला," मी आठवडाभर घोकत होते. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी शनिवारी गेला, आणि अर्ध्या तासात परत.

"सांगितलंस?"

"कुंपणाची झुडपं कापत होता. हवेबद्दल बोललो."

"अर्धा तास हवेबद्दल?"

"वाराही होता," राइंडर म्हणाला आणि बूट न काढताच बसला.

रविवारी सभागृह भरलं. पिठाची भुतं आली तशी माणसं गडाबडा हसायला लागली. चेन दिसली तेव्हा तर टाळ्या पडल्या, मी मान खाली घातली. फोको पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसला होता. राइंडर माझा हात इतका घट्ट धरून होता की अंगठी रुतत होती.

आणि मग ते पाणी आलं.

मी ते घरच्या छोट्या पडद्यावर पाहिलं होतं, पण भिंतीएवढं कधी नाही. आधी नुसतं गवत आणि धुकं. मग गवताच्या मुळाशी काहीतरी चकाकलं, आणि कुठून आलं ते कळायच्या आत सगळ्या कुरणात आभाळ उतरलं. आवाज नाही, लाट नाही. धुकं सरकलं तर मध्ये त्रूस उभी, पांढरी, गुडघ्यापर्यंत आभाळात. मान जरा वळवून ती ते बघत होती. हे माझ्या नवऱ्याने केलं, एका फावड्याने आणि तीन फळ्यांनी, आणि मी चाळीस वर्षं त्याला घोरणारा म्हणत आले. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

सिनेमा संपला, खिडक्यांचे पडदे उघडले, लोक हळू आवाजात बोलत कॉफीकडे गेले. फोको जागचा उठला नाही. राइंडर त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. मी मागोमाग.

"चारही बाजूंनी एकदम आलं," फोको म्हणाला.

"हो."

"माझं कुरण आहे ते. पंप बंद पडला तर पाणी उत्तरेच्या कोपऱ्यातून घुसतं. नेहमी."

"हो."

"म्हणजे तू जागा होतास."

"जागा होतो."

"मग त्रूस दिसली असेल तुला."

राइंडरने टोपी काढली. "दिसली. धुकं हललं आणि दिसली. बांध वीस पावलांवर होता, धरून बाहेर आणता आली असती. पोरांसाठी थांबलो असं म्हणेन, तर तेही खोटं. इतकं सुंदर होतं ते, फोको, की मी काम विसरलो. बघतच राहिलो."

म्हातारा आता काठी उचलणार, असं मला वाटलं. पण तो रिकाम्या भिंतीकडे बघत होता.

"तिच्यामागे चर आहे हे मलाही ठाऊक होतं," तो म्हणाला. "आत्ता, इथे बसल्या बसल्या. तिला हाक मारावी असं वाटलं, पण तोंडातून आवाज नाही निघाला. मीपण बघतच राहिलो." तो काठीवर भार देऊन उठला. मग म्हणाला, "माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"उद्या दहाला या दोघं. आणि लोक काय काय लिहितात म्हणे, ते यंत्र घेऊन या."

सोमवारी आम्ही गेलो. फोकोने मागचं दार उघडून ठेवलं होतं. आमच्याकडे पुढचं दार पाद्र्यासाठी आणि पोलिसासाठी, मागचं आपल्या माणसांसाठी. त्याच्या स्वयंपाकघरात मी चाळीस वर्षांनी पाऊल ठेवत होते.

"वाच गं पोरी," तो मला म्हणाला. मी चौऱ्याहत्तर वर्षांची. "भुतांचं नको. तिचं वाच."

मी गेंटच्या नर्सचं वाचलं. जपानी गृहस्थांचं वाचलं.

"उभा राहिला? घरात, एकटाच?"

"असं लिहिलंय."

"परत वाच."

मी परत वाचलं. फोकोने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. "तिचं नाव माहीत आहे का त्या लोकांना?"

"नाही. ‘ती पांढरी घोडी’ म्हणतात सगळे."

"कळव की मग," तो राइंडरला म्हणाला. "तुझी बोटं काय मोडलीत?"

राइंडरने यंत्र स्वतःपुढे ओढलं आणि दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘घोडीचं नाव त्रूस. फोको डाइकेमाची.’ मग थांबला.

"आणि लिही," फोको म्हणाला, "की पंपवाला जागा होता. पूर्ण नाव घाल."

राइंडरने बोटं वर उचलली, पण ती खाली येईनात. तो उठला आणि पाठमोरा होऊन खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी यंत्र माझ्याकडे घेतलं आणि ते वाक्य लिहिलं.