दमयंतीला विषय सापडेपर्यंत

मी दमयंतीची फाईल बोलतेय. निळी, प्लास्टिकची, बटणाची. मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून तिनं मला उचललं, तेव्हा वाटलं, लग्नाच्या बायोडेटासाठी नेतेय. पण पोरगी पीएचडीच्या तयारीला लागली होती.

चार वर्षांची बी.एस्सी., शहात्तर टक्के. नव्या नियमानं तिला एम.एस्सी. न करता थेट अर्ज करता येत होता. वैजापूरला, तिच्या गावी, हे कुणाला पटेना. "जिना सोडून माडीवर चढती का काय?" शेजारच्या भागूबाई म्हणाल्या. तिचे वडील कारभारी यांनी मुदत घातली, "दिवाळीपर्यंत बघ. नाय जमलं तर वाळूजच्या कंपनीत लाग." कंपनीचं पत्र माझ्याच पोटात होतं, सगळ्यात वर.

आता माझं दुखणं ऐका. अर्जाला संशोधनाचा आराखडा जोडायचा होता आणि बाईसाहेबांनी सहा महिन्यांत आठ विषय बदलले. 'मराठवाड्यातील पाणी : एक चिकित्सक अभ्यास.' 'मराठवाड्यातील माती : एक चिकित्सक अभ्यास.' एकदा तर नुसतंच 'एक चिकित्सक अभ्यास' टाईप करून ठेवलं, कशाचा ते नंतर सुचेल म्हणून. प्रत्येक आराखड्याला मुखपृष्ठ, दोन पानं ऋणनिर्देश, आत आनंदीआनंद. माझं बटण लागेना.

कॉलेजातले श्रीनिवास सर चष्मा पुसत म्हणाले, "दमयंती, तुला प्रश्न काय पडलाय?"

ती म्हणाली, "सर, विषय पास होईल का, हाच."

जूनमध्ये ती मला घेऊन घरी गेली. कांदाचाळीत तिची आई चतुराबाई कांदे निवडत होत्या. त्यांनी एक टणक कांदा बाजूला टाकला.

"आई, हा तर चांगलाय."

"दोन महिन्यांत सडंल."

"कशावरून?"

"हाताला कळतं. तू लई शिकलीस ना, तूच सांग."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. पण तिनं आईकडून 'सडणार' म्हणून टाकलेले शंभर कांदे मागून घेतले, प्रत्येकाला नंबर घातला आणि वेगळे ठेवले. कुणी भाजीला एक उचलायला गेलं की ही अंगावर धावून जायची. अर्जाची शेवटची तारीख सप्टेंबरात. ऑगस्टअखेर मोजले, तर एक्क्याण्णव सडले होते. नऊ ठणठणीत.

आईच्या हाताला काय कळतं, आणि नऊ वेळा का कळलं नाही? तिचा आराखडा दोन पानांत संपला. ऋणनिर्देश नाही. कंपनीचं पत्र तिनं तळाशी सरकवलं, फाडलं मात्र नाही. तेवढी शहाणी आहे.

परीक्षा झाली, मुलाखत झाली, दिवाळीआधी निवडही झाली. सांगायला ती घरी आली.

"नऊ कांद्यांपायी पाच वर्षं?" चतुराबाईंनी विचारलं.

"व्हय."

चतुराबाईंनी एक कांदा हातात फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "का टिकले, ते मला बी सांग. तीस वर्षं मी तसले फेकत आले."

आता माझं बटण तुटलंय, कांद्याचा वास काही जात नाही. दमयंतीकडं एकच मागणं आहे. प्रबंध व्हायचा तेव्हा होऊ दे. पण उत्तर सापडलं की बाई, आधी वैजापूरची गाडी पकड.