शुक्रवारची यादी

कॉलेजात खेळायला कोण पात्र हे ठरवणाऱ्या केंद्राचं पत्र एकाच पानाचं होतं, तरी ड्वाइट रॅटलिफने ते वाचायला पाच मिनिटं घेतली. मधेच चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मजकुरात काही फरक पडला नाही. ब्रिएल स्टंबो, बारावी, टार्प्ली फोर्क हायस्कूल. निकाल: अपात्र.

"अपात्र म्हणजे काय?" तो समोरच्या कॅन्ट्रेल बाईंवर जवळजवळ खेकसलाच. शाळेत मुलांच्या पुढच्या शिक्षणाचं बघायला या बाई ऑगस्टमध्ये नव्याने आल्या होत्या. "गेल्या आठवड्यात साडेपंचेचाळीस फूट गोळा फेकलाय पोरीने. अख्ख्या केंटकीत दुसरी आहे!"

"पात्रता केंद्र फूट मोजत नाही, कोच. विषय मोजतं. सोळा लागतात. हिचे चौदा भरतात."

"मग राहिलेले उन्हाळ्यात करेल की. त्यात काय एवढं?"

"उन्हाळ्यात एकच भरून काढता येतो. हिचे दोन राहिलेत. दहावीचं गणित आणि अकरावीचं गणित."

"ती दोन्ही वर्षं गणितात पास आहे. ब श्रेणी आहे बाई, ब!"

"व्यवहारी गणितात. ते आपल्या शाळेला चालतं, केंद्राला चालत नाही. त्यांच्या यादीत तो विषयच नाही." बाईंनी फाइल उघडली. "दहावीत ही भूमितीला होती. जानेवारीत काढून व्यवहारी गणितात घातली. कुणी घातली, का घातली, मला माहीत नाही. मी तेव्हा नव्हते इथे."

त्यांनी फाइल त्याच्याकडे वळवली नाही, आणि वळवायची गरजही नव्हती. बदलीच्या पिवळ्या चिठ्ठीवरची सही त्याने टेबलाच्या पलीकडूनच ओळखली. ती त्याचीच होती.

आता हे शुक्रवारचं प्रकरण सांगायलाच हवं. टार्प्ली फोर्कमध्ये दर शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या दारावर नापासांची यादी लागते. एका जरी विषयात पोर साठच्या खाली असलं, तर पुढचा आठवडाभर त्याने गणवेश घालायचा नाही, खेळायचं नाही. गावातली माणसं मृत्यूच्या बातम्यांआधी ती यादी विचारतात. आणि रॅटलिफची अठ्ठावीस वर्षांची हुशारी म्हणाल तर ती याच यादीत होती. कुठल्या मास्तरांना गोड बोलायचं, कुणाकडून जादा गृहपाठ मागून घ्यायचा, कुठलं पोर कुठल्या वर्गातून उचलून कुठे ठेवायचं, हे त्याला तोंडपाठ होतं. "माझं पोर शुक्रवारी अडकत नाही," असं तो चारचौघांत छाती काढून सांगायचा. त्या यादीच्या पलीकडे कुठेतरी आणखी एक यादी असते, हे त्याने कधी बघितलंच नाही. माणूस वाईट नव्हता. राग येतो तो त्यामुळेच जास्त येतो.

नोव्हेंबरात केवढा सोहळा झाला होता! जिममध्ये टेबल मांडलं, वर तीन विद्यापीठांच्या तीन टोप्या ठेवल्या, आणि ब्रिएलने निळी उचलून डोक्यावर घातली, म्हणजे ते विद्यापीठ निवडलं, तेव्हा सगळी शाळा पाय आपटत ओरडली. केकवर साखरेचा गोळा होता. फी, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं चार वर्षं विद्यापीठ बघणार होतं. तिचा बाप व्हर्लिन शाळेची बस चालवतो. तशीच एक निळी टोपी त्याने स्वतःसाठी मागवली, आणि तेव्हापासून ती डोक्यावरून काढलेली कुणी पाहिली नाही. केंद्राच्या कागदांचं तेवढं मागे पडत गेलं. मार्क चांगले आहेत, अडचण काय येणार, असं रॅटलिफच सगळ्यांना सांगत होता.

विद्यापीठाच्या कोचबाई फोनवर फार चांगल्या बोलल्या. फार वाईट वाटतं म्हणाल्या. पण जागा अडवून ठेवता येत नाही, इंडियानातली एक मुलगी कधीची वाट बघतेय, असंही म्हणाल्या. जवळपासच्या दोन वर्षांच्या कॉलेजांना केंद्राची अट नसते, पण तिथे मैदानी खेळ नाहीतच. तिसरा फोन कुणाला करावा, ते त्याला सुचेना.

मग तो ओमा हेन्सलीच्या वर्गावर गेला. तीस वर्षं भूमिती शिकवणारी बाई, जूनमध्ये निवृत्त होणारी. तिच्याकडून त्याला एवढंच ऐकायचं होतं, की पोरगी तशीही नापासच झाली असती. तेवढ्यावर त्याची रात्रीची झोप भागली असती.

"ब्रिएल स्टंबो. दहावीत तुझ्याकडे होती," तो दारातूनच म्हणाला. "तिला काही ते जमणारं नव्हतं ना, ओमा?"

हेन्सली बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग खालचा खण ओढून जुनी वही काढली. सगळं संगणकावर गेलं तरी या बाईने वह्या सोडल्या नव्हत्या.

"ये, बघ. एक्केचाळीस. अठ्ठेचाळीस. पंचावन्न." बोट पुढे सरकलं. "आणि ही शेवटची चाचणी. त्रेसष्ट."

"साठला पास. मग यादीत नाव कसं आलं?"

"यादी सरासरीवर लागते. दोन आठवडे थांब म्हणाले होते मी तुला. त्याच दारात उभा होतास. रोज सकाळी सातला यायची पोरगी. सॉसेज-बिस्किट खात खात त्या बाकावर गणितं सोडवायची."

"मला काही आठवत नाही."

"तुला कशाला आठवेल? पाच आठवड्यांवर राज्यस्पर्धा होती ना तुझी." बाईंनी वही मिटली. "ती बदलीची चिठ्ठी आली, त्या दिवशी घरी जाऊन रडले मी, ड्वाइट. तुला सांगितलं नाही. काय उपयोग होता?"

बाहेर पडताना ऑफिसच्या दारावर आजची यादी दिसली. सवयीने त्याने बोट फिरवलं. त्याच्या एकाही मुलाचं नाव नव्हतं.

मैदानावर ब्रिएल एकटीच होती. गोळा हनुवटीखाली धरून ती वर्तुळात वळली, आणि गोळा सुटताना तिच्या तोंडून नेहमीचा हुंकार निघाला. सेहेचाळीसच्या पुढे पडला असावा. त्याने टेप काढला नाही.

"बघितलंत ना, कोच? मोजा की!"

"बस इथे जरा."

चालत येताना त्याने सगळं जुळवून ठेवलं होतं. काय झालं ते सांगायचं, पण कुणी केलं ते नाही. "केंद्राचं पत्र आलंय, पोरी. त्यांनी तुला अपात्र ठरवलंय. मी फोन केले सगळीकडे. काही होत नाही. वर बसलेली माणसं ही, त्यांना आपल्यासारख्या शाळांचं काय पडलंय! कसले एकेक नियम काढतात..."

ती वर्तुळाच्या सिमेंटच्या कडेवर बसली. हाताला खडू लागलेला होता, तो पँटला पुसत राहिली.

"कुठल्या विषयांवरून?"

"दहावी-अकरावीचं गणित."

"मी म्हटलं होतं तुम्हाला."

"काय म्हटलं होतंस?"

"भूमिती सोडायची नाही म्हणून. तुमच्या ट्रकमध्ये. त्रेसष्ट पडले होते मला. पेपर दाखवला होता की तुम्हाला."

आणि मग त्याला आठवलं. चार घड्या घातलेला कागद, ट्रकमधलं हीटर, आणि शेजारी बसून "कोच, बघा ना, बघा तरी" म्हणणारी पंधरा वर्षांची पोरगी. त्याने रस्त्यावरची नजर काढली नव्हती. वर हसून म्हणाला होता, "त्रिकोण कुठे पळून चाललेत का? राज्यस्पर्धा मात्र निघून जाईल!" हे वाक्य त्याने पुढे दोन वर्षं गंमत म्हणून लोकांना ऐकवलं होतं.

"नववा नंबर आला होता माझा त्या स्पर्धेत," ब्रिएल म्हणाली.

आठव्या नंबरापर्यंत पदक असतं. "ब्रिएल, मी..." ती ओरडली असती, गोळा उचलून त्याच्या ट्रकवर घातला असता, तर त्याला बरं वाटलं असतं. तिने तसलं काही केलं नाही. ती उठली, गोळा आणायला गेली, फडक्याने तो पुसून पिशवीत ठेवला.

"पप्पांना कोण सांगणार?"

"मी सांगतो. आत्ता सांगतो. माझंच काम आहे ते."

"नको." तिने पिशवीची चेन लावली. आवाज आत्ता कुठे फुटला. "तुम्ही सांगितलंत ना, तर ते तुमचेच आभार मानतील. म्हणतील, कोचने केवढी धडपड केली पोरीसाठी. मला नाही ऐकवणार ते."

चारच्या सुमारास पोरांना घरोघर सोडून रिकामी झालेली बस कुंपणापाशी येऊन थांबली. ब्रिएल पिशवी खांद्याला लावून निघाली. मागे वळून बघितलं नाही. बसचं दार उघडलं, ती आत गेली, दार मिटलं. चालकाच्या खिडकीतून निळी टोपी बाहेर आली आणि व्हर्लिनने रोजच्यासारखा दोनदा हॉर्न दिला.

"कोच! सांभाळताय ना आमच्या लेकीला?"

रॅटलिफने हात वर केला. तोही रोजच्यासारखाच.