पठारावरचा रेंजचा खांब

मित्रांनो, मी ज्युनिपरच्या लाकडाचा एक जुना खांब आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात, नावाहो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलखात, एका लाल पठाराच्या कडेवर मी साठ वर्षं उभा आहे. खाली दरीत राहणाऱ्या डेल्फिना एट्सिटी हिच्या वडिलांनी मला तासून इथे रोवलं आणि मेंढ्या कड्यावरून पडू नयेत म्हणून माझ्यावर तार ताणली. ऊन, वारा आणि मेंढ्यांच्या पाठी घासणं, एवढंच माझं आयुष्य होतं.

मग फोन आले. खाली दरीतल्या घरांत रेंज नव्हती. दूरच्या शहराची रेंज दोन डोंगरांच्या फटीतून यायची आणि नेमकी माझ्यापाशी पोचायची. एक पाऊल सरकलं की गेली! लोकांनी फोन टेकवायला माझ्यावर एक फळी ठोकली. बाळ झाल्याची बातमी, नोकरीची मुलाखत, रुसवेफुगवे, सगळं माझ्या कानावरून गेलं. "या खांबात काहीतरी आहे बुवा," असं लोक म्हणत. खोटं कशाला बोलू? मी फुशारलो होतो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी माझी फुशारकी उतरली. सत्तरीची डेल्फिना बर्फाच्या चिखलातून धडपडत वर आली. तिच्या एका पायात बूट नव्हता. तिला चढायला चाळीस मिनिटं लागली होती.

"हॅलो! माझा नवरा पडलाय, मेंढवाड्यात! तोंड वाकडं झालंय त्याचं! पत्ता? अहो, आमच्या घराला नंबर नाही. पाण्याच्या टाकीपासून डावीकडे..."

फोन तुटला. तिने पुन्हा लावला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तुटल्यावर तिने माझ्यावर मूठ आपटली. "मेल्या, आज तरी!" ती म्हणाली. चौथ्यांदा निरोप पोचला, पण उशीर व्हायचा तो झालाच. तिचा नवरा एल्वुड वाचला, मात्र त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला.

डेल्फिनाने गावसभेत टॉवरची मागणी केली. त्यासाठी पठारावरची जागा हवी होती आणि तिथे चराईचा हक्क तिच्या मावसभावाचा, चेस्टरचा होता. तो अडून बसला. "आधी खाणवाले आले, खड्डे करून गेले. आता हे टॉवरवाले येणार!" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. निर्णय न होताच सभा उठली.

दुसऱ्या दिवशी डेल्फिना त्याला घेऊन माझ्याकडे आली.

"ताई, गुडघे गेले माझे," चेस्टर धापा टाकत म्हणाला.

"माझेही गेलेत. त्या दिवशी मी पळत आले होते. आता लेकीला फोन लाव."

दोनदा फोन लागलाच नाही. तिसऱ्यांदा लेकीचा आवाज आला. "बाबा, काय झालं? एवढी धाप का लागलीय?" आणि फोन तुटला.

"आता ती दिवसभर घाबरून बसेल गं! तिला सांगू कसं, काही झालं नाही म्हणून?"

"बस की मग इथेच, रेंज येईपर्यंत."

चेस्टर खरोखरच बसला. दहादा फोन लावून पाहिल्यावर त्याने विचारलं, "आणि टॉवर बिघडला तर? शहरातून माणूस येईपर्यंत महिना जाईल."

"आपलीच पोरं शिकतील ते काम. तसं लिहून घेऊ."

"कोकरांच्या गवताला हात लागता कामा नये."

"तेही लिहून घेऊ."

"मग घे लिहून," चेस्टर म्हणाला.

दोन वर्षांनी पठाराच्या खडकाळ टोकावर टॉवर उभा राहिला. डेल्फिनाची नात रेनेल त्याचं काम शिकली. ती त्याच्या सौरपट्ट्यांवरची लाल धूळ पुसते, बॅटऱ्या तपासते. एल्वुडला आता दर आठवड्याला घरबसल्या नर्स फोनच्या पडद्यावर दिसते. ती सांगेल तसा तो हाताचा व्यायाम करतो.

सुरुवातीला मला करमेना. माझ्याकडे कुणी फिरकत नव्हतं. मग एका दुपारी खाली अंगणात एल्वुड छाती धरून बसलेला मला दिसला. मी घाबरून पायवाटेकडे पाहत राहिलो, पण वर कुणीच आलं नाही. खाली रस्त्यावर मात्र धुरळा उठला. ती रुग्णवाहिका होती! डेल्फिनाने स्वयंपाकघरातूनच फोन केला होता. ती चढायला निघाली असती, तर अजून निम्म्या वाटेवरच असती. चार दिवसांनी एल्वुड घरी आला आणि मटणाचा रस्सा मागून घेऊन प्याला.

त्या दिवसापासून मला एकटेपणाचं वाईट वाटत नाही. पायवाटेवर गवत उगवलंय, आणि ते पाहून मला बरं वाटतं.

मित्रांनो, तुमच्या गावात टॉवर असेल, तर त्याची निगा राखणारी माणसं गावातच तयार करा. आणि एखाद्या टेकडीवर कुणी बाई फोन उंच धरून उभी दिसली, तर हसू नका. ती कुणाला हाक मारते आहे, ते तिला विचारा. मग गावसभेत तिच्या शेजारी जाऊन बसा.